पर्वतीवरून पुणं

रविवार

पर्वती चढताना चाल आपोआप मंदावते. पायऱ्या १०३, पण इतक्या रुंद आणि उतरत्या की एकेकीवर दोन-तीन पावलं टाकावी लागतात. हत्तीलाही चढता यावं म्हणून त्या अशा बांधल्या, असं सांगतात. आज पहाटे सर येऊन गेली होती. पायऱ्यांचा काळा दगड मधोमध झिजून खोलगट झालाय, तिथे पाणी साचलं होतं आणि सगळे कडेकडेने चढत होते.

देवदेवेश्वराचं दर्शन घेऊन तटाशी गेले. नैर्ऋत्येला सिंहगड, दक्षिणेला कात्रजचे डोंगर, बाकी नजर जाईल तिथवर इमारती. पायथ्याशी जिथे तळं होतं, तिथे आता सारसबागेची झाडी. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये हे देऊळ उभारलं, कात्रजहून शहरात पाणी आणलं, आणि पानिपताचा घाव घेऊन १७६१ मध्ये ते गेले तेही इथेच.

मी मात्र दरवेळी वायव्येच्या बाजूला जास्त वेळ थांबते. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई दुसऱ्या बाजीरावाने पर्वतीवरून पाहिली. इतक्या लांबून धूर दिसला असेल, तोफा ऐकू आल्या असतील. पण मराठ्यांचं घोडदळ ज्या दलदलीत फसलं ती दलदल इथून कुठली दिसायला! पुढे बाराच दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. उंचावरून सगळं दिसतं यावर माझा विश्वास नाही तो यामुळेच.

पण आज राहून राहून मनात येत होते ते वर येऊच न दिलेले दलित लोक. १३ ऑक्टोबर १९२९ ला पर्वतीचा सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे, पां. ना. राजभोज आणि त्यांच्याबरोबर कितीतरी जण देवळात प्रवेश मागायला आले. मागणं साधं होतं: आम्हालाही दर्शन घेऊ द्या. सनातन्यांनी त्यांच्यावर दगड फेकले, राजभोज जखमी झाले, देवळाची दारं बंदच राहिली. ज्या शहरात ही माणसं राबत होती, ते शहर इथून कसं दिसतं हे पाहायचीसुद्धा त्यांना मुभा नव्हती. मी पाणी प्यायले, वारा खाल्ला, कठड्याला टेकून फोटो काढले, कुणी हटकलं नाही. पेशव्यांबद्दल आपण इथे किती भरभरून बोलतो! या माणसांची नावं तेवढ्याच अभिमानाने घ्यायला हवीत, असं मला फार वाटतं.

पुढच्या रविवारी भाचीला घेऊन येणार आहे. आजवर तिला पेशव्यांचीच पर्वती दाखवली. या वेळी आधी पायथ्याशी थांबायचं, १९२९ ची हकीकत सांगायची, दगड कुणी फेकले तेही सांगायचं, आणि मग वर न्यायचं.