फादर जिना चढून येतात तेव्हा: नोव्हा हुतातील सणांचा हिवाळा

पोलंडमधला कॅथलिक हिवाळा नोव्हेंबरच्या अखेरीस किंवा डिसेंबरच्या आरंभी आगमनकाळाने, म्हणजे नाताळच्या आधीच्या तयारीच्या आठवड्यांनी, सुरू होतो आणि २ फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या आशीर्वादापर्यंत चालतो. या दोन महिन्यांत २५ डिसेंबर हा त्या मानाने शांत दिवस: दुकाने बंद, रस्ते ओस, माणसे घरात. मी पाठवलेल्या छायाचित्रांत घरच्या मंडळींना क्राकूव्हच्या मुख्य चौकातली रोषणाई आणि लाकडी दुकाने दिसतात, त्यामुळे नाताळ म्हणजे हाच जल्लोष असा त्यांचा समज होणे स्वाभाविक आहे. आम्ही राहतो त्या क्राकूव्हच्या नोव्हा हुता या भागात मात्र सणाचा मुक्काम चर्चइतकाच लोकांच्या जिन्यात, स्वयंपाकघरात आणि दाराच्या चौकटीवर असतो. धर्मग्राम, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला भाविकांचा समुदाय, घरोघरी कसा पोहोचतो हे मला इथल्या हिवाळ्यातच उमगले.

नोव्हा हुताला चर्च सहजासहजी मिळालेले नाही. पोलादाच्या कारखान्यासाठी १९४९ साली वसवायला घेतलेले हे नगर कम्युनिस्ट राजवटीला समाजवादाचा आदर्श नमुना म्हणून हवे होते. आराखड्यात रुंद रस्ते, बागा, नाट्यगृह, रुग्णालय असे सगळे होते. चर्च तेवढे नव्हते. खेड्यापाड्यांतून आलेल्या कामगारांनी मागणी लावून धरली, १९५७ मध्ये परवानगी मिळाली, ठरलेल्या जागी लाकडी क्रूस उभा राहिला आणि मग परवानगी मागे घेण्यात आली. २७ एप्रिल १९६० रोजी तो क्रूस काढायला माणसे आली, तेव्हा आधी वसाहतीतल्या बायका आडव्या आल्या आणि पुढे पोलिसांशी मोठ्या चकमकी झाल्या. क्रूस जागेवरच राहिला. त्याच सुमारास, १९५९ पासून, क्राकूव्हचे तरुण सहायक बिशप कारोल वोयतिवा, जे पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाले, नाताळच्या मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची सामूहिक उपासना, नोव्हा हुतात उघड्या आभाळाखाली अर्पण करू लागले. बिएन्चित्से वसाहतीत अखेर जे चर्च उभे राहिले, त्याचे नाव आर्का पाना, म्हणजे प्रभूचे तारू. स्वयंसेवकांनी सुमारे दहा वर्षे राबून बांधलेल्या या चर्चचा अभिषेक मे १९७७ मध्ये वोयतिवा यांच्याच हस्ते झाला. त्याच्या बाहेरच्या भिंती नदीतल्या गुळगुळीत गोट्यांनी मढवलेल्या आहेत आणि ते गोटे देशभरातल्या लोकांनी वेचून आणलेले आहेत. उघड्यावरच्या त्या मिस्सांना थंडीत उभे राहिलेल्यांपैकी काही जण आजही नातवंडांना घेऊन मिस्सेला येतात, आणि कोणत्या बाकावर कोणी बसायचे हे त्यांच्यात इतके पक्के ठरलेले आहे की नवख्याने मागच्या बाजूला उभे राहावे हेच बरे.

आगमनकाळातल्या पहाटेच्या मिस्सेला इथे रोराती म्हणतात. डिसेंबरात क्राकूव्हला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेचारच्या आत मावळतो, त्यामुळे सहा-साडेसहाची ही मिस्सा म्हणजे भर रात्रच. मरियेच्या सन्मानार्थ होणाऱ्या या मिस्सेत आगमनकाळाच्या जांभळ्या वस्त्रांऐवजी धर्मगुरू पांढरी वस्त्रे घालतात आणि वेदीजवळ फीत बांधलेली एक वेगळी मेणबत्ती लावतात. चर्चमधले दिवे मालवलेले असतात. मुले हातात कंदील घेऊन मधल्या वाटेने वेदीकडे जातात: कुणाचा रंगीत कागदाच्या खिडक्यांचा, घरी कापून चिकटवलेला, कुणाचा दुकानातून आणलेला, बॅटरीवर चालणारा. गौरवगीत सुरू झाले की सगळे दिवे एकदम लागतात आणि समोर लोकरी टोप्यांतले, अर्धवट झोपेतले चेहरे दिसतात. आपल्याकडे कार्तिकात विठ्ठलमंदिरात काकडआरतीला जाणाऱ्यांना ही पहाट अजिबात परकी वाटणार नाही. अलीकडे बऱ्याच धर्मग्रामांत मुलांच्या सोयीसाठी रोराती संध्याकाळी ठेवतात. सोय होते हे खरे; पण अंधारात उठून जाण्याचा जो कस त्यात आहे तो संध्याकाळच्या वेळेत राहत नाही, असे माझे मत आहे, आणि आमच्या मजल्यावरच्या आजींचे मत याहून बरेच कडक आहे.

डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी मुख्य चौकात कवी मित्सकिएविचच्या पुतळ्यापाशी शोपका, म्हणजे येशूजन्माचे देखावे, मांडले जातात. येशूजन्माचा देखावा म्हणजे गोठा, ही आपली कल्पना इथे चालत नाही. क्राकूव्हची शोपका म्हणजे चमकत्या रंगीत पन्नीने मढवलेला, मारियात्स्की चर्चच्या मनोऱ्यांची आठवण करून देणारा बहुमजली महाल असतो आणि बाळ येशू त्यातल्या एका मजल्यावर असतो. हिवाळ्यात काम नसलेले गवंडी आणि कारागीर पूर्वी या शोपका बनवून घरोघरी नेत असत. स्पर्धा १९३७ मध्ये सुरू झाली आणि २०१८ मध्ये या कलेचा युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समावेश झाला. पाहायला गर्दी फार होते, म्हणून सकाळीच जावे.

२४ डिसेंबरची संध्याकाळ, म्हणजे विगिलिया, हा मात्र वर्षातला सर्वांत मोठा घरगुती सोहळा. २०२५ पासून या दिवशी सार्वजनिक सुटीही मिळू लागली आहे. त्याआधी बायका अर्धा दिवस कार्यालयात आणि अर्धा दिवस चुलीपुढे अशी कसरत करत. आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत जेवायला बसायचे नाही, पांढऱ्या टेबलक्लॉथखाली थोडे वाळके गवत पसरायचे आणि एक जागा अनपेक्षित पाहुण्यासाठी रिकामी ठेवायची, हा रिवाज. पदार्थ बारा आणि मांसाचा एकही नाही. चर्चने आता या दिवसाच्या उपवासाची सक्ती ठेवलेली नाही, तरी घरे तो पाळतात. शाकाहारी मराठी माणसाला हे ऐकून आनंद होतो, पण तो फार टिकत नाही, कारण मासा इथे मांसात धरत नाहीत आणि कार्प हा तर पंगतीचा मुख्य मानकरी. तरीही बीटाचे आंबूस लाल सार आणि त्यातल्या रानातल्या अळंब्या भरलेल्या इवल्या कानोल्या, कोबीचे पिएरोगी, म्हणजे उकडलेल्या करंज्या, खसखशीचा केक आणि सुक्या फळांचे धुरकट वासाचे पेय एवढ्यावर पोट सहज भरते.

जेवणाआधीचा ओप्वातेकचा विधी मला सगळ्यांत जवळचा वाटतो. ओप्वातेक म्हणजे पीठ आणि पाणी यांची कागदासारखी पातळ, पांढरी, आयताकृती चकती, जिच्यावर येशूजन्माचे चित्र उठवलेले असते. पूर्वी चर्चचा ऑर्गनवादक ती घरोघरी पोहोचवत असे. आता बहुधा चर्चच्या दाराशी दान टाकून घेता येते. ती मिस्सेतल्या ख्रिस्तशरीरासारखी, म्हणजे भाविकांना प्रसादासारख्या दिल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीसारखी, अभिमंत्रित नसते, म्हणून आमच्यासारख्या परधर्मीयांनाही वाटणीत सामील होता येते. प्रत्येकाने प्रत्येकासमोर उभे राहायचे, त्याच्या चकतीचा तुकडा मोडून खायचा, आपल्या चकतीचा त्याला मोडू द्यायचा आणि तोंडाने शुभेच्छा द्यायच्या. या शुभेच्छा 'सुखी राहा' इतक्यावर भागत नाहीत. शेजारच्या आजींनी माझ्या पत्नीला गुडघा बरा होवो, जर्मन भाषेची परीक्षा पार पडो आणि सासूबाईंना व्हिसा मिळो, अशी तपशीलवार यादी ऐकवली. ज्याच्याशी वर्षभर बोलणे टाकलेले असते त्याच्याही समोर त्या रात्री उभे राहावेच लागते. विधीची खरी परीक्षा तिथे होते, आणि सगळीच माणसे तीत पास होतात असे नाही.

याच टेबलावर कोल्हापूरचे नाव निघाले. आजींची एक मावशी लहानपणी वळिवड्याच्या छावणीत होती. सोव्हिएत राजवटीने १९४० च्या सुमारास सायबेरिया आणि मध्य आशियाकडे हाकललेल्या पोलिश कुटुंबांपैकी सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुतांश बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ राहिली. तिथे त्यांची शाळा होती, चर्च होते आणि अर्थातच विगिलियाही होत असे. मी मूळचा सांगलीकडचा आहे हे कळल्यावर आजींनी वळिवड्याचे अंतर विचारले, आणि तासाभराची वाट आहे हे ऐकून मावशीचा जुना फोटो आणायला त्या जेवण सोडून उठल्या.

मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर बाहेरून पाहणाऱ्याला सण संपल्यासारखा वाटतो. धर्मग्रामाचे मोठे काम मात्र त्यानंतर सुरू होते. त्याला कोलेंदा म्हणतात: नाताळनंतरच्या आठवड्यांत धर्मगुरू हद्दीतल्या एकेका घरी जाऊन आशीर्वाद देतात. कोणत्या दिवशी कोणत्या इमारतीत, कोणत्या क्रमांकापासून सुरुवात, हे रविवारी मिस्सेच्या शेवटी वाचून दाखवतात आणि चर्चच्या फलकावर लावतात. त्या दिवशी दुपारपासून जिना पुसला जातो. टेबलावर पांढरे कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या, बायबल, पवित्र पाण्याची वाटी आणि ते शिंपडायची कुंचली, एवढी मांडणी हवी. आधी दोन वेदीसेवक मुले येऊन फादरांना आत घेणार का असे विचारून जातात. मग काळ्या झग्यावर पांढरे वस्त्र चढवलेले फादर येतात, सर्वांसह छोटी प्रार्थना होते, पाणी शिंपडले जाते, आणि दहा मिनिटे गप्पा. शाळकरी मुलांना धर्मशिक्षणाची वही दाखवावी लागते आणि एरवी वात्रट असलेली मुले त्या दहा मिनिटांत सुतासारखी सरळ बसतात. फादरांजवळच्या कार्डावर कुटुंबाची नोंद अद्ययावत होते: कोण नोकरीला लंडनला गेले, कोणाचे लग्न ठरले, कोण अंथरुणाला खिळले आहे. निघताना घरमालक पाकीट देतो. पाकिटात किती घालावे याची चर्चा दर जानेवारीत वृत्तपत्रांतही रंगते आणि जिन्यात तर रंगतेच.

मुलांनी आमचेही दार वाजवले. आम्ही हिंदू आहोत हे त्यांना सांगितले, त्यांनी खाली जाऊन निरोप दिला, आणि फादर तरीही वर आले. देवघरासमोर उभे राहून त्यांनी दिवा रोज लावता का आणि तेलाचा की तुपाचा, हे विचारले. आमच्या परवानगीने एक प्रार्थना म्हटली. चहा मात्र नको म्हणाले, कारण त्या संध्याकाळी अख्खा जिना बाकी होता आणि प्रत्येक मजल्यावर किटली तापत होती. पाकीट द्यायला गेलो तर त्यांनी ते मुलीच्या खाऊसाठी ठेवा म्हणून परत केले.

या भेटीबद्दल सगळे गोडच बोलतात असे समजू नये. ही घराची झडती आहे, असे म्हणणारे तरुण मला कार्यालयात भेटतात, आणि कार्डावरच्या नोंदींविषयीचा त्यांचा आक्षेप मला अगदीच निराधार वाटत नाही. कोविडच्या काळात भेटी थांबल्या. त्यानंतर अनेक धर्मग्रामांनी सरसकट दारे वाजवणे सोडून आधी नाव नोंदवणाऱ्यांकडेच जाण्याची पद्धत स्वीकारली. रविवारच्या मिस्सेची हजेरीही घटली आहे. पोलंडमधले चर्च स्वतःच ठरावीक रविवारी डोकी मोजते; त्या मोजणीनुसार २०१९ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले प्रमाण २०२१ मध्ये २८ टक्क्यांपर्यंत खाली आले होते. तरीही रविवारी न दिसणारी कितीतरी घरे ओप्वातेक घेतात आणि दारावर खडूची खूण करतात. चर्चशी तुटलेला धागा घरातल्या रिवाजाने धरून ठेवलेला दिसतो, आणि तो किती काळ धरून राहील हे या मुलांच्या पिढीवर ठरेल.

खडूची खूण ६ जानेवारीची, बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांच्या सणाची. त्या दिवशी चर्चमध्ये खडू आणि धूप आशीर्वादित करून देतात, आणि लोक दाराच्या चौकटीवर के, एम, बी ही राजांची आद्याक्षरे अधिक चिन्हांनी जोडून पुढे सालाचा आकडा लिहितात. ती अक्षरे वर्षभर पुसायची नसतात. रंगकाम काढलेल्या घरातही रंगारी तेवढा पट्टा सोडून देतो. सरकारने १९६० मध्ये रद्द केलेली या सणाची सुटी २०११ मध्ये परत मिळाली, आणि आता कागदी मुकुट घातलेल्या हजारो लोकांची मिरवणूक शहराशहरांतून निघते.

चर्चच्या पंचांगानुसार नाताळकाळ जानेवारीतच संपतो, पण लोक गीते म्हणायचे थांबवतात आणि देखावा उतरवतात ते २ फेब्रुवारीला. त्या दिवशी आशीर्वादित केलेली ग्रोम्नित्सा नावाची मेणबत्ती घरात जपून ठेवतात; वीज कडाडू लागली की ती खिडकीत लावायची आणि घरातल्या मरणासन्न माणसाच्या हातात द्यायची. दुसऱ्याच दिवशी संत ब्लेझच्या नावाने दोन मेणबत्त्या फुलीसारख्या धरून गळ्याला लावतात, घसा दुखू नये म्हणून. आणि ५ फेब्रुवारीला संत अगाथाच्या नावाने पाव, मीठ आणि पाणी आशीर्वादित होते, ते आगीपासून राखणीसाठी. आमच्या आजींच्या कपाटात मिठाची ती पुडी गॅसच्या बिलांशेजारी असते.

हे सारे पाहायला कुणी हिवाळ्यात येणार असेल तर चौकापुरते येऊ नये. ट्रामने नोव्हा हुताला यावे, चर्चच्या फलकावरच्या वेळा आधी पाहाव्यात, मिस्सेत मागे उभे राहावे आणि ख्रिस्तशरीर घ्यायला रांगेत जाऊ नये. मोजे लोकरीचे आणावेत, कारण फरशी दगडी आहे आणि मिस्सा तासाभराची.