१९६४ चा नागरी हक्क कायदा: मतांचा तक्ता कसा वाचायचा

२६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी करवीर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. दरबारचा हुकूम निघाला, काम झालं. अमेरिकेत हॉटेल, थिएटर, नोकरी यांतला वर्णभेद कायद्याने बंद व्हायला १९६४ उजाडलं, आणि तिथे एकेक मत जमवावं लागलं.

ती मतं कुणाची, यावर एक वाक्य नेहमी ऐकू येतं: प्रतिनिधीगृहात रिपब्लिकनांचे ८० टक्के बाजूने, डेमोक्रॅटांचे ६१ टक्केच. आकडे बरोबर आहेत. डेमोक्रॅट १५२ विरुद्ध ९६, रिपब्लिकन १३८ विरुद्ध ३४. पण त्यावरून रिपब्लिकन या कायद्याच्या जास्त बाजूने होते, हा निष्कर्ष मात्र फसवा आहे.

तोच तक्ता आधी प्रदेशाने फोडा. यादवी युद्धात फुटून निघालेली ११ राज्यं दक्षिणेत धरा, बाकी सगळी उत्तरेत. उत्तरेत डेमोक्रॅट १४५ विरुद्ध ९, म्हणजे ९४ टक्के. रिपब्लिकन १३८ विरुद्ध २४, म्हणजे ८५ टक्के. दक्षिणेत डेमोक्रॅट ७ विरुद्ध ८७, आणि रिपब्लिकन १० च्या १० विरोधात. दोन्हीकडे डेमोक्रॅटच पुढे! तरी बेरजेत मागे पडतात, कारण त्यांच्या २४८ पैकी ९४ मतं दक्षिणेतली होती. रिपब्लिकनांची १७२ पैकी फक्त १०. मत पक्षापेक्षा प्रदेशाने ठरवलं.

दक्षिणेची खरी ताकद समित्यांत होती. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मतदानापासून दूर ठेवलेलं, विरोधी पक्ष नावापुरता. त्यामुळे तेच ते डेमोक्रॅट वर्षानुवर्षं निवडून येत आणि ज्येष्ठतेने समित्यांचे अध्यक्ष होत. विधेयक प्रतिनिधीगृहासमोर कधी येणार हे ठरवणाऱ्या नियम समितीचे अध्यक्ष, व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, ते दाबून बसले. २१८ सह्या जमवून ते समितीतून थेट बाहेर काढायची हालचाल सुरू झाली, तेव्हा कुठे स्मिथ हलले. सिनेट या दुसऱ्या सभागृहात न्याय समितीचे अध्यक्ष मिसिसिपीचे ईस्टलंड होते, म्हणून तिथले डेमोक्रॅट नेते मॅन्सफिल्ड यांनी विधेयक त्या समितीकडे जाऊच दिलं नाही.

मग फिलिबस्टर. मत पडूच नये म्हणून नुसतं बोलत राहायचं. चर्चा थांबवायला तेव्हा १०० पैकी ६७ मतं लागत. डेमोक्रॅट ६७ च होते, पण त्यांतले बहुतेक सगळे दक्षिणी विरोधातच जाणार. म्हणून विधेयकाची बाजू सांभाळणारे डेमोक्रॅट सिनेटर हम्फ्री रिपब्लिकन नेते डर्कसन यांच्या मागे लागले. किंमतही मोजावी लागली: नोकरीतल्या भेदभावाची तक्रार, राज्याची स्वतःची यंत्रणा असेल तर आधी तिच्याकडे. माझ्या मते तो सौदा योग्यच होता. १० जूनला ७१ विरुद्ध २९ ने चर्चा थांबली. ७१ मध्ये ४४ डेमोक्रॅट, २७ रिपब्लिकन. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूतल्या गाठीमुळे बोलता येत नव्हतं. व्हीलचेअरवरून त्यांना सभागृहात आणलं, आणि डोळ्याकडे बोट दाखवून त्यांनी होकार नोंदवला (इंग्रजीत डोळा आणि होकार, दोन्हींचा उच्चार ‘आय’).

विरोधात गेलेल्या ६ रिपब्लिकनांत बॅरी गोल्डवॉटर होते. नोव्हेंबरच्या अध्यक्षीय निवडणुकीत ते देशभर सपाटून हरले, पण खोल दक्षिणेतली ५ राज्यं त्यांनी जिंकली. मिसिसिपीत तर त्यांना ८७ टक्के मतं पडली.