सातवीच्या वहीतलं अर्धं पान

(एस.एस.एल.सी. म्हणजे दहावीच्या 1983 च्या बॅचचा एक माजी विद्यार्थी)

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या म्हणून शाळेतून फोन आला, तेव्हा मी दुकानात साखर बांधत होतो. म्हटलं, दोन पानांचं बघू, खरं अर्ध्या पानाचं शाळेचं देणं माझ्याकडं आहेच.

1979 साली मी सातवीत होतो. मराठीच्या सरांनी निबंध घातला, 'आमच्या घरची पूजा'. पोरांनी वह्या भरून काढल्या. कुणी देव्हारा लिहिला, कुणी गौरी-गणपती, कुणी सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाडीनं गेल्याचं. मी शीर्षकाखाली रेघ मारली आणि लिहिलं: आमच्या घरी देव्हारा नाही. समई नाही. घंटा नाही. नैवेद्य दाखवत नाही. रविवारी प्रार्थना असते. एवढ्यावर पेन अडलं, खालचं अर्धं पान कोरं राहिलं. सरांनी वाचून विचारलं, "आणि बाकीचे सहा दिवस काय करता रे?" मी म्हटलं, "दुकान उघडतो, सर." वर्ग हसला. सरही हसले, पण वही परत देताना म्हणाले, "पान पुरं कर, मग दाखव."

सर टोचून बोलणाऱ्यातले नव्हते. त्यांना खरंच ऐकायचं होतं. मला सांगता येत नव्हतं, कारण आमच्या घरात जे चालायचं त्याला 'पूजा' म्हणतात हे मलाच माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनीच सावता माळ्याचा अभंग शिकवला. पंढरपूरला न जाता मळ्यातच विठ्ठल बघणाऱ्या त्या माळ्याचं स्पष्टीकरण मी घडाघडा लिहिलं आणि दहापैकी नऊ मार्क घेतले. आमच्या दुकानाशी त्याचा काही संबंध असेल असं डोक्यातही आलं नाही. मार्कांसाठी पाठ केलेल्या गोष्टी डोक्यात राहतात, घरापर्यंत येत नाहीत.

शाळेतल्या बऱ्याच सोबत्यांना आमचं घर म्हणजे कोडंच होतं, म्हणून थोडं सांगतो. बेळगावात लंडन मिशनरी सोसायटी ह्या ख्रिस्ती मिशनचं काम 1820 साली सुरू झालं, पुढं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते मेथडिस्ट ह्या ख्रिस्ती पंथाकडं गेलं. आमचं घराणं त्या मंडळीतलं. बाबांनी खानापूर तालुक्यातल्या आपल्या गावात किराणा दुकान टाकलं. ख्रिस्ती घरं गावात मोजून तीन. बाबा मराठी, आई बैलहोंगलकडची, तिचं सगळं कानडीत. त्यामुळं येशूनं शिकवलेली 'प्रभूची प्रार्थना' घरात दोन भाषांत एकदमच चालायची. बाबा म्हणायचे, "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे." आई तिच्या सुरात, "नम्म अनुदिनद आहारवन्नु". मला आईची ओळ आवडायची. आहार म्हटलं की त्यात भातही आला. भाकरी काय, आमच्या गावात आजाऱ्याला सोडून कोण मागतंय?

दुकानाला तेव्हा शटर नव्हतं, लाकडी फळ्या होत्या. सकाळी फळ्या काढायच्या आधी बाबा आत अंधारात तराजूच्या दांडीवर हात ठेवून ही प्रार्थना म्हणायचे. हार नाही, उदबत्ती नाही. मग पारडी पुसायची, काटा मधोमध येतो का बघायचा आणि पहिली फळी काढायची. मला ती दुकानदारीच वाटायची. गिऱ्हाईक यायच्या आधी काटा तपासणं हे तर कुणीही करतं.

तांदूळ पायलीनं मोजताना बाबा पहिल्या मापाला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे, जसं आपल्याकडं सगळेच म्हणतात. लाभ, दोन, तीन. आणि माप शीग लावून, म्हणजे काठावर रास येईपर्यंत भरून द्यायचे. लूकच्या शुभवर्तमानात येशूचं एक वाक्य आहे, द्या म्हणजे तुम्हाला दिलं जाईल. माप दाबून, हलवून, शीग लोटून पदरात घातलं जाईल. मराठी बायबलात तिथं 'शीग' हाच शब्द आहे. पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, हे आमच्या दुकानातलंच कुणीतरी लिहिलंय.

रविवारचं मात्र सरळ नव्हतं. गावचा बाजार रविवारीच. आठवड्याची निम्मी विक्री त्या एका दिवसात. महिन्यातून एकदा पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, एस.टी.नं यायचे, आमच्या पडवीत तिन्ही घरांची उपासना व्हायची, आणि ती संपली की बाबा फळ्या काढायचे. पाळकसाहेबांना ते पटायचं नाही. एकदा बाबांनी त्यांना बायबलातल्या आमोस संदेष्ट्याचं आठव्या अध्यायातलं काढून दाखवलं. त्यातले व्यापारी शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, अगदी काटेकोर पाळतात, पण मनात एकच, हा दिवस कधी सरतोय आणि आपण एफा लहान करून धान्य कधी विकतोय. एफा म्हणजे त्यांची पायलीच समजा. बाबा म्हणाले, "ह्यांची दुकानं तर बंद होती की, साहेब." पाळकसाहेब चहा पीत होते. म्हणाले, "ते खरं. खरं शब्बाथ पाळायची चौथी आज्ञाही खरीच आहे." दोघेही हसले आणि वाद तिथंच राहिला, पुढं वीस वर्षं राहिला. मला आता पाळकसाहेबांचं जास्त पटतं. बाबांच्या मापाबद्दल शंका नाही, पण आईला आठवड्यात एकही दिवस बसायला मिळाला नाही, हे त्या वादात दोघांपैकी कुणी काढलंच नाही.

त्याच पाळकसाहेबांनी एकदा रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायावर सांगितलं. आपली शरीरं जिवंत यज्ञ म्हणून अर्पण करा, असं प्रेषित पौल त्यात लिहितो, आणि मराठीत पुढं 'सेवा' शब्द येतो. मूळ ग्रीक शब्द 'लात्रेइया'. देवाची उपासना आणि देवाची चाकरी, दोन्हींना तोच शब्द. पौल स्वतः करिंथ शहरात तंबू शिवायचा. मी मागं बसून गोण्यांवरच्या मुंग्या बघत होतो, तरी हे कसं कोण जाणे ध्यानात राहिलं.

आता चिंचेचं सांगतो. शाळेत हे कुणाला ठाऊक नाही, मराठीचे सर सोडून.

आठवीत माझं गणित पक्कं होतं. बाबा काटा नेहमी गिऱ्हाईकाकडं झुकता ठेवायचे आणि मी मनात हिशेब करायचो, वर्षाकाठी आपला किती गूळ असाच जातो. गणपतीच्या आदल्या दिवशी दुकानात ही गर्दी. बाबा दुपारी माल आणायला खानापूरला गेले आणि तराजू माझ्याकडं आला. मालाच्या पारड्याखाली मी चिंचेचा गोळा चिकटवला. ही युक्ती बाजारातल्या कुठल्याही पोराला माहीत असते. मला चोरी केल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. बाबांचा तोटा भरून काढतोय, असंच वाटलं.

संध्याकाळी पाऊस लागला, लाइट गेली. कंदील लावून आम्ही प्रार्थनेला बसलो. गीत झालं, वाचन झालं, मग प्रभूची प्रार्थना. त्यात एक ओळ आहे: जसं आम्ही आमच्या ऋण्यांना ऋण सोडलं आहे, तशी तू आमची ऋणं आम्हाला सोड. दुकानदाराच्या घरात 'ऋण' म्हटलं की समोर उधारीची वहीच येते. मी त्या ओळीला गप्प झालो. रोज माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा, त्यामुळं ते गप्प होणं ऐकू गेलं. बाबा थांबले. आई कानडीत एक ओळ पुढं गेली आणि मग तीही थांबली.

बाबांनी मला मारलं नाही. विचारलंसुद्धा नाही फार. कंदील घेऊन दुकानात गेले, पारडं उलटं केलं, गोळा काढला आणि त्याच तराजूत घातला. दुसऱ्या पारड्यात वीस ग्रॅमचं ठेवलं, मग पाच ग्रॅमचं, काटा सरळ झाला. म्हणजे दर मापाला पंचवीस ग्रॅम कमी. किलो घेतलेल्यालाही पंचवीस आणि पावशेर घेतलेल्यालाही पंचवीसच. गरिबाचं जास्त गेलं होतं. हे गणित मी केलंच नव्हतं. उधारीवाल्यांची नावं वहीत होती, रोखीचे कोण कोण आले ते मला आठवून सांगायला लावलं. अकरा घरं निघाली. बाबांनी पुड्या बांधल्या, मला इरलं दिलं, स्वतः गोणपाटाची खोळ घेतली. आई म्हणाली, "प्रार्थना तर पुरी करा की." बाबा म्हणाले, "ती आता तिथनं पुढं जात नाही."

नंतर कळलं की मत्तयाच्या शुभवर्तमानात तसंच सांगितलंय. वेदीपाशी दान आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. बाबांनी ते वचन त्या रात्री म्हणून दाखवलं नाही. चिखलातनं पुढं चालत राहिले.

अकरातलं चौथं घर सरांचं. आत गणपतीची मखर बांधायचं चाललं होतं, रंगीत कागद अंथरलेले. सरांनी गूळ आणि रवा दोन्ही घेतलेलं, म्हणजे पन्नास ग्रॅम. बाबांनी पुड्या पुढं केल्या आणि जे झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. माझं नाव घेतलं नाही, "आमच्या तराजूत खोट होती" एवढंच म्हणाले. सरांनी माझ्याकडं बघितलं. मला तेवढं पुरलं. मग बाबांना म्हणाले, "पन्नास ग्रॅमसाठी एवढ्या पावसात कशाला आलात वो?"

"प्रार्थना अडलीय, सर."

सर थोडा वेळ गप्प. मग मला म्हणाले, "ती सातवीची वही आहे का रे अजून?" मी मान हलवली. "आण एकदा." मी कधी नेली नाही. आधी लाजेनं, मग दहावी आली, मग सर निवृत्त होऊन धारवाडला गेले.

रात्री घरी आलो तेव्हा भात गार झाला होता. बाबांनी पाय धुतले, कंदिलाची वात वर केली आणि 'जसं आम्ही आमच्या ऋण्यांना' पासून पुढं सुरू केलं. मी म्हटलं की नाही ते आठवत नाही. चिंचेचा वास बोटांना होता, तो आठवतो.

दहा घरं झाली, अकरावं बंद होतं. त्या घरची आजी चंदगडला लेकीकडं गेलेली. तिची पुडी बाबांनी बायबल ठेवायच्या फळीवर ठेवली. गुळाला मुंग्या लागल्या, आईनं बदलून ठेवला. पुन्हा लागल्या, पुन्हा बदलला. महिना झाला तरी पंचवीस ग्रॅमची पुडी तिथंच, आणि रोज रात्री प्रार्थनेला बसलो की नजर तिकडं जायची. दसरा झाल्यावर आजी आली. मी पुडी घेऊन गेलो आणि सगळं सांगितलं, ह्या खेपेला माझं नाव घेऊन. आजीनं पुडी उलगडली, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "अरे पोरा, माझीच तुमच्याकडं उधारी हाय की. दोन रुपये साठ पैसे."

पुढच्या बाजारी ती दोन रुपये देऊन गेली. ती उधारीची वही अजून माझ्याकडं आहे. साठ पैसे तिच्या नावावर तसेच आहेत, बाबांनी वर काट मारलेली नाही आणि खाली 'बाकी' असंही लिहिलेलं नाही.