शिमीचे दगड आणि दाविदाचा हिशेब

पवित्र आठवडा, बुधवार

आजच्या वाचनात यहूदा, येशूला धरून देणारा त्याचाच शिष्य. मत्तय २६, त्यासाठी घेतलेली चांदीची तीस नाणी. निर्गमाच्या २१व्या अध्यायात बैलाने शिंग खुपसून मारलेल्या दासाची भरपाई म्हणून धन्याला द्यायची रक्कम तीस शेकेलच आहे. विश्वासघात झाला तो झालाच, वर किंमतही दासाची लावली.

मन मात्र यहूदापेक्षा दाविदापाशी जास्त रेंगाळलं. उद्या रात्री, धरला जाण्याआधी, येशू यरुशलेमेबाहेरचा किद्रोन ओहोळ ओलांडून जैतुनांच्या डोंगराकडे जाईल. त्याच्या सुमारे हजार वर्षं आधी दावीद राजा त्याच ओहोळातून त्याच डोंगरावर चढला होता: अनवाणी, डोकं झाकून, रडत. पोटचा मुलगा अबशालोम बंड करून उठलेला, भरवशाचा सल्लागार अहिथोफेल त्याला जाऊन मिळालेला. शिखर मागे टाकून बहूरीमला पोचतो तर आधीचा राजा शौल याच्या कुळातला, बन्यामीन वंशाचा शिमी समोरच्या कड्याने चालत दगड मारतोय, धूळ उडवतोय, 'खुनी, चालता हो' म्हणतोय (२ शमुवेल १६).

दाविदाचा सरदार अबीशय लगेच म्हणतो, जाऊन याचं मुंडकं उडवतो. असा एक अबीशय प्रत्येकाच्या घरात असतो. अपमान करणाऱ्यापेक्षा आपल्या बाजूने तापलेल्या माणसाला आवरणं जास्त कठीण, कारण तो प्रेमापोटी बोलत असतो आणि आपल्याच मनातलं बोलतो. येशूला धरायला आले तेव्हा गेथशेमाने बागेत पेत्र या शिष्याने तेच केलं आणि महायाजकाचा दास मल्ख याचा उजवा कान गेला. येशूने तलवार म्यानात घालायला लावली आणि कान बरा केला. म्हणजे आपल्या माणसाने केलेलं नुकसान निस्तरणं हेही संयमातच आलं. हल्ली तलवारीच्या जागी मोबाइल आहे. मंडळीच्या (चर्चच्या) गटावर कुणी टोचून लिहिलं की भाचा, दीर, मैत्रीण आपल्या वतीने उत्तर ठोकतात. त्यांना आधीच स्पष्ट सांगावं: माझ्या वतीने कुणी काही लिहू नका. लिहून झालंच असेल तर ते काढायला लावून क्षमा आपण मागावी.

दाविदाने अबीशयला दिलेलं उत्तर मला फार व्यवहारी वाटतं. माझा मुलगाच जिवावर उठलाय, मग या बन्यामिन्याचं काय घेऊन बसलास? मोठी जखम कुठली हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पुष्कळदा शिमीवर काढलेला राग खरा अबशालोमवरचा असतो. आणि आरोपाचं म्हणाल तर शौलाच्या घराण्याच्या रक्ताचा आरोप खोटा होता. गुहेत आणि छावणीत, दोनदा शौल हाती लागूनही दाविदाने त्याला सोडलं होतं. पण बथशेबापायी त्याने तिच्या नवऱ्याला, उरीयाला, लढाईत मरवलं होतं. ते रक्त त्याच्या हातावर होतंच. म्हणून शिवीगाळ ऐकून घेताना त्यातलं खोटं किती आणि खरं किती हे वेगळं काढायला हवं. खऱ्याची कबुली द्यावी, समोरच्याने ते दुष्टपणे सांगितलं असलं तरी. अहिथोफेलाच्या मुलाचं नाव अलीयाम. बथशेबाच्या बापाचंही अलीयाम. माणूस एकच असेल तर अहिथोफेल बथशेबाचा आजोबा ठरतो. शास्त्र तसं उघड म्हणत नाही, पण फितुरीमागे जुनी जखम असू शकते हे ध्यानात ठेवलेलं बरं.

'संयम म्हणजे गप्प बसणं' ही शिकवण मला मुळीच पटत नाही. दाविदाने त्याच डोंगरावर अहिथोफेलाची मसलत फसावी म्हणून प्रार्थना केली आणि लगेच आपला मित्र हूशय याला ती मोडायला यरुशलेमेत परत पाठवलं. शिपायाने थोबाडीत मारली तेव्हा येशूने विचारलं, मी वाईट बोललो असेन तर दाखव, बरोबर बोललो असेन तर का मारतोस? प्रेषित पौलाने कैसराकडे, म्हणजे रोमी सम्राटाकडे, दाद मागितली. आलेक्सांद्र तांबटाबद्दल त्याने आपला सहकारी तीमथ्य याला लिहिलं की फेड प्रभू करील, पण तूही त्याच्यापासून जपून राहा. म्हणून पैसे खाल्लेल्या खजिनदाराला क्षमा करावी आणि हिशेबाची वहीही मागावी. चावी परत द्यायची नाही. घरात मारहाण होत असेल तर 'दुसरा गाल' सांगून बाईला परत पाठवणाऱ्या पाळकाने शास्त्र अर्धंच वाचलंय. तिथे आधी सुरक्षित जागा, मग पोलीस.

बाकीच्या भांडणांसाठी मत्तय १८ चा क्रम आहे: आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. बिघडतं ते पहिल्याच पायरीवर, कारण 'एकट्याने' जाण्याआधी चार घरं फिरून झालेली असतात. जाताना एकच घटना घ्यावी: काय बोललं गेलं, कधी, त्याने काय झालं. 'तू नेहमीच' हा शब्द निघाला की भेट संपली. रागाच्या रात्री जाऊ नये, महिनाभर लांबवूही नये. दुसऱ्या पायरीचे साक्षीदार आपले नातेवाईक नसावेत, तोही अबीशयच.

आणि आतला कढ? तो देवापुढे ओतावा, नरम न करता. स्तोत्र ५५ मध्ये 'वैऱ्याने निंदा केली असती तर सोसलं असतं, पण तो तू, माझा सोबती' इथपासून 'ते जिवंत अधोलोकात उतरोत' इथपर्यंत सगळं आहे.

तरीही दाविदाचं एक मला खुपतंच. राज्य परत मिळाल्यावर शिमी हजार बन्यामिनी घेऊन पाया पडायला आला. दाविदाने शपथ घेऊन जीवदान दिलं. पुढे मरणशय्येवर आपला मुलगा शलमोन याला सांगितलं काय, तर त्याचं पिकलं डोकं रक्ताने माखून अधोलोकात पाठव (१ राजे २). शपथ त्याच्या स्वतःच्या हातापुरती होती. शलमोनाने शिमीला यरुशलेमेत राहायला लावलं, किद्रोन ओलांडलास तर मेलास म्हणून बजावलं. तीन वर्षांनी पळालेले दोन दास शोधायला तो गथ या शहरी गेला आणि शलमोनाचा सरदार बनाया याच्या हातून मेला.

आपल्याकडेही म्हातारी माणसं जाता जाता सांगून जातात, त्यांच्या दारात पाऊल ठेवू नका. मुलांना भांडणाचं कारण धड माहीत नसतं, बंदी मात्र तीन पिढ्या पाळली जाते. जमिनीचा दावा चालू असेल तर कागद, तारखा, वकील हे मुलांना जरूर सांगावं. कोणी काय शिवी दिली होती, ते सांगू नये. आणि सांगून झालंच असेल तर अजून जिवंत असतानाच त्यांना बोलावून ते मागे घ्यावं.