काल रात्री झोपच नाही आली
आज १६ ऑक्टोबर २०२२, रविवार, आणि घसा अजून बसलेलाच आहे. २००९ ला नॉक्सव्हिलला शिकायला आलो तेव्हापासून कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये आमच्या टेनेसी युनिव्हर्सिटीच्या टीमला अलाबामाविरुद्ध जिंकताना एकदाही बघितलं नव्हतं, शेवटचा विजय २००६ चा, मग सलग १५ वेळा हार. काल २८-१० ने पुढे होतो, आणि तरी चौथ्या क्वार्टरमध्ये आमच्याकडून फम्बल झाला, म्हणजे बॉल हातातून निसटला, तो उचलून अलाबामाने टचडाऊन केला, म्हणजे बॉल आमच्या टोकाच्या रेषेपार नेला, ते ४९-४२ ने पुढे, तेव्हा पोटात गोळाच आला. मग आमच्या हायटने पाचवा टचडाऊन पकडला! एकट्याने पाच! १५ सेकंद राहिले असताना अलाबामाची गोलपोस्टमधून मारायची ५० यार्डांची किक हुकली, आणि बॉल फेकणाऱ्या आमच्या हूकरने दोन पासमध्ये बॉल ४५ यार्ड पुढे नेला, काय डोकं शांत ठेवलं पोराने. शेवटची ४० यार्डांची किक डगमगत गेली पण गेली आत, ५२-४९, आणि मी सोफ्यावर उभा राहून रडत होतो. बायको चकल्या तळता तळता धावत आली, तिला वाटलं काही झालं की काय.
लोकांनी गोलपोस्ट उपटून नदीत टाकले म्हणे. टाकू देत, जवळजवळ १६ वर्षं थांबलेत बिचारे.
तिकडे दुसऱ्या एका मॅचमध्ये टीसीयूने (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) १७ पॉइंटची पिछाडी भरून दुसऱ्या जादा डावात, डबल ओव्हरटाइममध्ये, ४३-४० ने काढली. आणि रात्री यूटाने ४८ सेकंद उरले असताना टचडाऊननंतर एका पॉइंटची सोपी किक मारून बरोबरी न करता दोन पॉइंटसाठी खेळून यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी) ४३-४२ ने हरवलं, त्या हिमतीला माझा सलाम.
आता परत हायलाइट्स बघतोय, चौथ्यांदा.