तोंड पतंगाकडे, हात ताटात: उत्तरायणाची ७५ सेकंदांची मातीची फिल्म

उत्तरायण म्हणजे गुजरातची संक्रांत आणि वासी उत्तरायण म्हणजे तिचा दुसरा दिवस, १४ आणि १५ जानेवारी. या दोन दिवसांत बडोद्यातली झाडून सगळी माणसं वर बघत असतात. खाली कठड्याजवळ तिळाचे लाडू, चिक्की, बोरं, उंधियूचं पातेलं असं सगळं उघडं पडलेलं असतं, आणि त्याच्याकडे लक्ष फक्त वानरांचं आणि खारींचं. मातीचे पुतळे जरा जरा हलवत, दर वेळी एक फोटो घेत (म्हणजे स्टॉप-मोशनने) खोडकर प्राण्यांची सुट्टीतली छोटी फिल्म करायची तर एवढी आयती गोष्ट दुसरीकडे शोधायला नको. माणसं पूर्ण दाखवूच नका. पाय, हात, फिरकी धरलेली बोटं एवढीच. निम्मं काम वाचतं, आणि कॅमेरा आपोआप प्राण्यांच्या उंचीवर येतो.

पात्रं तीन पुरेत: वानरीण, तिचं पिल्लू आणि एक खार. वानरिणीला लाडू हवा, पिल्लाला फिरकी हवी. खारीला हवा दोरा, कारण खारी खरोखरच घरट्यासाठी कापूस, सुतळी, चिंध्या ओढून नेतात. प्रत्येकाचा हेतू वेगळा असला की खोडी एकमेकांत अडकते. पिल्लू फिरकी सोडवतं, त्यामुळे दोरा सैल पडतो, खार तो कुरतडते, पतंग कटतो, सगळे ‘लपेट!’ म्हणून ओरडतात, आणि त्या गोंधळात ताट रिकामं. फिल्ममधला दोरा साधा, पांढरा ठेवा. काचेचा मांजा तोंडात धरलेली खार कोणालाही हसवणार नाही.

आता हिशेब. सेकंदाला १२ फोटो या वेगाने ७५ सेकंदांना ९०० फोटो लागतात. दोघं मिळून तासाला ४० ते ५० फोटो होतात, म्हणजे निव्वळ शूटिंगचे वीस तास. २४ फोटोंच्या मागे लागू नका. १२ला वानर छान ठसक्यात चालतं, २४ला काम दुप्पट आणि प्रत्येक चूकही दुप्पट दिसते. एकेक चित्र घेऊन हालचाल उभी करण्याची विद्या बडोद्याला नवी नाही. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले होते, आणि पुढे १९१२मध्ये त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ अशीच टप्प्याटप्प्याने चित्रित केली. रोप निदान स्वतःहून वाढतं, वानर मात्र आपल्यालाच हलवावं लागतं.

पुतळा १५ सेंटिमीटरचा करा. बसलेलं वानर साधारण ६० सेंटिमीटर धरलं, तर हे प्रमाण एकास चार होतं आणि पुढची सगळी मापं सोपी जातात. सांगाडा ॲल्युमिनियमच्या तारेचा. पाठीला २ मिलिमीटरची तार दुहेरी पिळून, हातापायांना १ मिलिमीटरची दुहेरी. तार एकेरी ठेवली तर दोनतीनशे फोटोंत मनगट तुटतं, आणि तुटतं ते नेहमी लाडू उचलतानाच. म्हणून दोन जादा हात आधीच करून ठेवावेत. दंड, मांडी, छाती यांवर एम-सील चढवून तो भाग कडक करायचा आणि तार फक्त सांध्यांपाशी उघडी ठेवायची. नाहीतर हात कोपरात वाकण्याऐवजी नूडलसारखा कुठेही वाकतो. डोक्याच्या आत चुरगळलेला फॉइलचा गोळा घाला. भरीव मातीचं डोकं जड होतं आणि तासाभरात मान खाली जाते. पावलांत ३ मिलिमीटरचा नट बसवा आणि सेटवरच्या गच्चीच्या १२ मिलिमीटर प्लायवुडला खालून भोक पाडून स्क्रू लावा. पत्र्याखाली चुंबक लावण्याची पद्धतही आहे, पण एका पायावर झुकलेलं वानर चुंबकावर टिकत नाही.

माती न वाळणारी, तेलाची घ्यायची. बडोद्याच्या मे महिन्यात ती हातात लोण्यासारखी होते, जानेवारीत उलट कडक राहते. म्हणूनही हे थंडीचं काम, शिवाय पंखा बंद ठेवता येतो. अंगावर लोकरीची फर चिकटवण्याचा मोह आवरा. प्रत्येक फोटोला बोटं लागतात, केस वेगळ्या दिशेला जातात, आणि पडद्यावर वानराच्या अंगाला उकळी फुटल्यासारखी दिसते. राखाडी फेल्ट किंवा नुसती माती बरी.

इथे थोडं प्राण्याकडे नीट बघा. आपल्याकडे गच्चीवर येतं ते लाल तोंडाचं माकड नव्हे, काळ्या तोंडाचं वानर. शेपूट धडापेक्षा लांब, म्हणजे पुतळ्याला २० ते २५ सेंटिमीटर. चालताना आपल्या भागातल्या वानरांची शेपूट पाठीवरून डोक्याकडे कमानीसारखी वळते. दक्षिणेकडच्या वानरांची मागे वळलेली असते. बसल्यावर ती कठड्यावरून सरळ खाली लोंबते. तान्हं पिल्लू राखाडी नसतं, काळपट असतं, त्यामुळे गर्दीतही ते वेगळं कळतं. आणि खारीच्या पाठीवर पट्टे पाच काढा. रामाच्या बोटांच्या गोष्टीमुळे सगळे तीन काढतात, पण तीन पट्ट्यांची खार दक्षिणेकडची.

काळ्या तोंडाची एक अडचण आहे: भाव दिसत नाहीत. समोरून प्रकाश टाकलात तर काळा ठिपका उरतो. एक दिवा बाजूने आणि किंचित मागून ठेवा, तपकिरी डोळ्यांत पांढऱ्या मातीचा बारीक कण बसवा, आणि भुवयांवरचे पांढरट केस वेगळे दोन तुकडे म्हणून करा. सगळा अभिनय त्या दोन तुकड्यांवर चालतो.

पण खरी खोडी चेहऱ्यात नसते, ती थांबण्यात असते. घरगुती फिल्ममध्ये हमखास हीच चूक होते. सगळं सतत हलत राहतं, वानर यंत्रासारखं जाऊन लाडू उचलतं आणि कोणी हसत नाही. वानरीण आधी ताटाकडे बघते, १२ फोटो. मग मान वळवून माणसांसारखीच आकाशाकडे बघू लागते, १० फोटो. मान तशीच वर ठेवून हात एकटा ताटात जातो, ४ फोटो. हात लाडवावर आला की पुन्हा ८ फोटो काहीच नाही. मग २ फोटोंत लाडू गायब. या ३६ फोटोंत, म्हणजे तीन सेकंदांत, हललेले फोटो कसेबसे आठ-नऊ. खारीचं गणित वेगळं: ८ फोटो स्तब्ध, २ फोटोंत सहा सेंटिमीटर धाव, पुन्हा ५ स्तब्ध, आणि प्रत्येक चिरकण्याबरोबर शेपटीला एक झटका. ती मधल्या वेगाने कधीच चालत नाही. थांबलेल्या जागी एकच फोटो मात्र वाढवू नका, चित्र मेल्यासारखं होतं. पुतळ्याला हात न लावता तीन फोटो घ्या आणि तेच आलटून पालटून वापरा.

उडी मारताना सगळे फोटो सारख्या अंतरावर घेतले तर वानर लिफ्टने उतरल्यासारखं दिसतं. पाण्याच्या टाकीवरून दोन मीटर खाली यायला ०.६४ सेकंद, म्हणजे जवळजवळ ८ फोटो. आपल्या प्रमाणात ते ५० सेंटिमीटर. सुरुवातीच्या जागेपासून अंतरं अशी घ्या: ०.८, ३, ७, १२.५, १९.५, २८, ३८, ५०. उडीआधी तीन फोटो दबून बसणं, उतरल्यावर दोन फोटो गुडघ्यात मोडणं, मग सरळ. हवेतल्या पुतळ्याला आधाराची जाड तार मागून, शेपटीच्या आडून लावा. शेपूट लांब असल्याचा असा फायदा आहे. तरी तार थोडी दिसतेच, म्हणून प्रत्येक शॉटच्या आधी रिकाम्या सेटचा एक फोटो घेऊन ठेवा. तार पुसताना मागची भिंत त्यातूनच मिळते.

पतंगासाठी गेंडीगेटच्या पतंगबाजारातून आणलेला खरा कागद या मापाला जाड पडतो. टिश्यू पेपर घ्या, ढढ्ढा (मधली उभी काडी) आणि कमान (आडवी वाकवलेली काडी) अगरबत्तीच्या काडीच्या चिरफाळीची, कमान वाकवण्याआधी अर्धा तास पाण्यात. किन्ना, म्हणजे मुख्य दोरा जिथे जोडतात ते पतंगावरचं दोऱ्याचं बांधणं, विसरू नका, बडोद्यात ती चूक लहान मूलही पकडतं. ताणलेल्या दोऱ्याला खरा दोरा वापरू नये, तो श्वासानेही हलतो. ०.३ मिलिमीटरची तांब्याची तार पांढरी रंगवून घ्या. पतंग कटला की तो सरळ पडत नाही, पानासारखा डावीउजवीकडे झोके घेत उतरतो. झोक्याच्या टोकांना फोटो दाट, मध्ये विरळ.

प्रकाशाचं थोडक्यात: खिडकी पूर्ण बंद, दोन साधे ९ वॅटचे एलईडी, आणि मोबाईलवर फोकस, एक्सपोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक. शटर १/५० किंवा १/२५ सेकंद, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. वेगळा आकडा ठेवला तर लुकलुक येऊ शकते. गडद कपडे घाला आणि फोटो घेताना रोज त्याच जागी उभे राहा. पांढऱ्या शर्टाचा उजेडही सेटवर पडतो. पाण्याची मोटर चालू असताना शूटिंग थांबवा, व्होल्टेज पडलं की दिवा मंद होण्याची भीती. मोबाईलला हात न लावता इअरफोनच्या बटणाने फोटो घ्यावा, आणि तो विमान मोडवर असावा. एक फोन आला की फ्रेम सरकलीच.

संगीत शूटिंगच्या आधी ठरवा. मिनिटाला १२० ठोक्यांचा ताल घेतला तर एक ठोका बरोबर ६ फोटोंचा होतो, आणि वानरिणीचा हात नेमका ठोक्यावर ताटात जातो. आवाज शेजारच्या गच्चीवरूनच रेकॉर्ड करायचा तर तो आदल्या वर्षीच करून ठेवावा लागतो, १४ तारखेला उशीर झालेला असतो. पुतळे दिवाळीच्या सुट्टीत, शूटिंग डिसेंबरच्या रविवारी, जोडणी ५ जानेवारीच्या आत. आणि सगळं जोडून होईपर्यंत सेट मोडू नका, दिवेही हलवू नका. दोनतीन शॉट पुन्हा घ्यावे लागतातच, आणि बहुधा त्यात तो लाडवाचा असतो.