व्हेला गल्फ ग्राफपेपरवर: पहिला टप्पा पूर्ण

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांमधल्या व्हेला गल्फ या आखातात जपानी आणि अमेरिकी विनाशिकांची जी लढाई झाली, ती ६ ऑगस्ट १९४३ ची रात्र एकदाची कागदावर उतरली. एका बाजूला शिगुरे या जपानी विनाशिकेवर असलेले नौदल अधिकारी तामेइची हारा यांच्या आठवणी, दुसऱ्या बाजूला अमेरिकी वेळांच्या नोंदी. प्रमाण १ सेंमीला ५०० मीटर. ३० नॉट म्हणजे मिनिटाला साधारण ९२५ मीटर, तेव्हा कागद मोठाच घ्या.

हागिकाझे, आराशी, कावाकाझे आणि सगळ्यात मागे शिगुरे, असा चौघींचा काफिला सैनिक घेऊन कोलोम्बांगारा बेटाकडे निघालेला. समोर अमेरिकी कमांडर मूसब्रुगरच्या सहा विनाशिका, तीन-तीनच्या दोन रांगांत. त्यांच्या पाठीशी बेटाचा काळा डोंगर. जपानी टेहळ्यांच्या डोळ्यांना त्यात काही दिसेना. अमेरिकी रडारवर मात्र जपानी रांग स्वच्छ. २३:४१ च्या सुमारास पहिल्या अमेरिकी रांगेने मिनिटभरात २४ टॉर्पेडो सोडले आणि एकही तोफ न डागता काटकोनात वळली. स्फोट झाले २३:४६ ला. तोफा बोलल्या त्या त्यानंतर, दुसऱ्या रांगेच्या.

डाव सगळा या पाच मिनिटांत आहे. रात्री तोफ उडाली की शत्रूला तुमची जागा कळते. टॉर्पेडो मात्र गुपचूप निघतो. गंमत म्हणजे हे जपान्यांचंच जुनं शास्त्र, आणि ६१ सेंमीचा, ऑक्सिजनवर चालणारा त्यांचा टाइप ९३ अमेरिकी टॉर्पेडोपेक्षा कितीतरी सरस. तरी पुढच्या तिन्ही बुडाल्या आणि अमेरिकी जहाजांना ओरखडाही नाही.

शिगुरे वाचली, कारण जुन्या इंजिनांमुळे ती दीडेक किलोमीटर मागे पडली होती. कागदावर तेवढी जागा सोडली की हारांना वळायला वेळ कुठून मिळाला ते उमगतं. त्यांनी सोडलेले आठही टॉर्पेडो वाया गेले. पुढे गोदीत पाहिलं तर एक अमेरिकी टॉर्पेडो न फुटता सुकाणूला भोक पाडून गेलेला! आधीच्या फेरीच्याच मार्गाने पुन्हा जायला आपला विरोध होता, असं हारा लिहितात. इथे मला थोडा पश्चातबुद्धीचा वास येतो. पण १३ नोव्हेंबर १९४२ ला ग्वाडालकनाल बेटाजवळच्या लढाईत आपल्या तेव्हाच्या विनाशिकेचा, आमात्सुकाझेचा, सर्चलाइट विझवायला आपणच विसरलो, हेही तेच सांगतात. म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवतो.

पुढचा कागद केप सेंट जॉर्जच्या लढाईचा, २५ नोव्हेंबर १९४३. जपानी विनाशिकांचा पाठलाग करताना अमेरिकी कमांडर बर्कने केवळ अंदाजाने मार्ग बदलला आणि थोड्याच वेळात जुन्या मार्गावर जपानी टॉर्पेडो फुटले. ते वळण कुणी मिनिटावार आखलं असेल तर प्रमाण काय धरलं ते कळवा.